लिंक्डइन : ओळखीच्या धंद्याची वाटचाल

२००३ साली कॅलिफोर्नियात नवी इंटरनेट कंपनी काढणाऱ्याला लोक वेड्यात काढत. डॉटकॉम कंपन्यांचे दिवाळे वाजून दोन-तीन वर्षे झाली होती, सिलिकॉन व्हॅलीतली कार्यालये ओस पडली होती. सर्वसामान्य ग्राहकासाठी वेबसाइट काढतो म्हटले की गुंतवणूकदार विषय बदलत. अशा पडत्या काळात ५ मे २००३ रोजी लिंक्डइन सुरू झाली. रीड हॉफमन, ॲलन ब्लू, कॉन्स्टंटिन गेरिके, एरिक ली आणि जाँ-ल्यूक व्हायाँ हे तिचे पाच संस्थापक. डिसेंबर २००२ पासून हॉफमन यांच्या घरच्या दिवाणखान्यात या कामाला सुरुवात झाली होती. सुरुवातीला पाचही जणांनी मिळून साडेतीनशेच्या आसपास परिचितांना आमंत्रणे धाडली. महिनाअखेरीस सभासद झाले साडेचार हजार. ऐकायला बरे वाटते, पण पुढे असेही दिवस आले की दिवसभरात जेमतेम वीस नवे लोक यायचे. आज या संस्थेचे सभासद एक अब्जाच्या पुढे गेले आहेत.

पाचांतले म्होरके हॉफमन. स्टॅनफर्ड आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. प्राध्यापकीचा विचार सोडून सॉफ्टवेअरकडे वळलेले. १९९७ मध्ये त्यांनी सोशलनेट नावाची कंपनी काढली होती. जोडीदार शोधणाऱ्यांपासून खेळातला सोबती शोधणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची गाठ घालून द्यायची, असा तिचा बेत. वर्तमानपत्रांशी भागीदारी केली की त्यांचे वाचक आपोआप सभासद होतील, हा त्यामागचा हिशेब साफ चुकला. त्यानंतर ते पेपालमध्ये गेले. २००२ मध्ये ईबेने पेपाल दीड अब्ज डॉलरना विकत घेतली आणि हॉफमन यांच्या हाती पैसा आणि वेळ दोन्ही आले. सोशलनेटमधून मात्र ते एक धडा घेऊन बाहेर पडले होते: वस्तू कितीही चांगली असो, ती लोकांपर्यंत पोचायची कशी हे आधी ठरवावे लागते. लिंक्डइनची पहिली दहा वर्षे या एका प्रश्नाभोवतीच फिरली.

संस्थापकांमध्ये उद्घाटनापूर्वी वाद झाला तोही याच अंगाने. हव्या त्या कौशल्याचा माणूस शोधून देणारी एक सोय आधी तयार करावी, तिच्याशिवाय वेबसाइट खुली करू नये, असे काहींचे म्हणणे होते. हॉफमन म्हणाले, आधी उघडू, मग बघू. उघडल्यावर कळले की खरी अडचण वेगळीच आहे. यादीत माणसेच नाहीत, तर शोधणार कुणाला? ती सोय पुढे कित्येक वर्षे झालीच नाही आणि तिच्यावाचून कुणाचे अडलेही नाही.

माणसे मिळवण्याची युक्ती निघाली ती ईमेलच्या पत्त्यांच्या वहीतून. ऑफिसात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या आउटलुकमध्ये शेकडो पत्ते साठलेले असत. ती वही लिंक्डइनवर चढवली की त्यातले कोण आधीच सभासद आहे ते दिसे आणि जे नाहीत त्यांना एका टिचकीत आमंत्रण जाई. वाढीला वेग आला तो इथून. पुढे याच युक्तीने कंपनीला कोर्टात खेचले. आमंत्रण स्वीकारले नाही तर सभासदाच्या नावाने पुन्हा पुन्हा स्मरणपत्रे जात, अशी तक्रार करत काही सभासदांनी २०१३ मध्ये दावा लावला आणि २०१५ मध्ये कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलर देऊन तो मिटवला. ज्यांना त्या काळात 'तुमच्या अमुक मित्राला तुमच्याशी जोडले जायचे आहे' अशी एकाच माणसाची तीन-तीन ईमेल आली असतील, त्यांना हा दावा का लागला हे समजावून सांगायला नको.

सुरुवातीची रचना आज जवळजवळ विसरली गेली आहे, आणि माझ्या मते ती या संस्थेची सर्वांत सुंदर गोष्ट होती. कुणालाही थेट गाठता येत नसे. समोरचा माणूस तुमच्या ओळखीच्या ओळखीचा असेल तर मधल्या माणसामार्फत निरोप जायचा. त्याला तो पुढे पाठवावासा वाटला तरच पोचायचा. आपल्याकडे स्थळ जसे मध्यस्थामार्फत येते आणि मध्यस्थाची अब्रू त्यात अडकलेली असते, तशीच ही रीत. मधला माणूस गाळणीचे काम करी आणि फुकटचा वेळ खाणारे बाहेर राहत. या रचनेचे बौद्धिक मूळ सिक्सडिग्रीज या १९९७ च्या, ओळखींची साखळी जोडणाऱ्या वेबसाइटमध्ये होते. ती बंद पडल्यावर तिचे पेटंट लिलावात निघाले, तेव्हा २००३ मध्ये हॉफमन आणि पुढे झिंगा ही गेमची कंपनी काढणारे मार्क पिंकस यांनी ते सात लाख डॉलरना घेऊन ठेवले. दुसऱ्या कुणी ते घेऊन आपल्याच गळ्याला फास लावू नये, एवढाच हेतू.

पैसा आला तो नफा दिसण्याच्या पुष्कळ आधी. २००३ मध्येच सिक्वोया कॅपिटल या गुंतवणूक संस्थेने ४७ लाख डॉलर घातले, २००४ मध्ये तशाच ग्रेलॉकने १ कोटी. ग्रेलॉकपुढे मांडणी करताना कंपनीला एक डॉलरचेही उत्पन्न नव्हते. हॉफमन यांनी त्या मांडणीच्या पारदर्शिका २०१३ मध्ये स्वतःच्या टिपणांसह जाहीर केल्या. नवउद्योजकाने त्या एकदा नजरेखालून घालाव्यात अशाच आहेत. पुढे उत्पन्नाचे मार्ग एकेक करून उघडले. २००५ मध्ये नोकरीच्या जाहिराती आणि सशुल्क सभासदत्व आले, २००६ मध्ये कंपनी नफ्यात आली.

त्याच वर्षी प्रोफाइल सर्वांना दिसू लागली. बदल किरकोळ वाटतो, पण माझ्या हिशेबी या संस्थेचे भाग्य तिथेच पालटले. त्यानंतर कुणाचेही नाव गुगलवर टाकले की पहिल्या दोन-तीन ओळींत त्याचे लिंक्डइनचे पान येऊ लागले. पहिल्या भेटीला जाण्याआधी माणसे एकमेकांची पाने बघून जाऊ लागली. रिझ्युमे तोवर नोकरी शोधणाऱ्याच्याच बॅगेत असे. आता नोकरीत सुखाने असलेल्यांचाही रिझ्युमे कायम टांगलेला राहू लागला, आणि तो टांगला म्हणून साहेबाने संशयाने बघण्याचे कारण उरले नाही. भरती करणाऱ्यांना याहून काय हवे? अर्ज करणाऱ्यांची रांग त्यांच्याकडे आधीही होती. अर्ज न करणारे चांगले लोक कुठे बसले आहेत, हे त्यांना पहिल्यांदाच दिसले.

'तुम्ही यांना ओळखत असाल' ही सूचनाही याच सुमाराची. जोनाथन गोल्डमन हा भौतिकशास्त्रातला पीएचडी झालेला तरुण कंपनीत आला आणि कोण कुणाला ओळखत असेल याचे आडाखे बांधू लागला. इंजिनिअर मंडळींना त्यात रस नव्हता. पत्त्यांची वही चढवण्याची सोय असताना हे कशाला, असा त्यांचा सूर. हॉफमन यांनी त्याला पानावरच्या जाहिरातीच्या छोट्या चौकटीत आपला प्रयोग लावायची मोकळीक दिली. त्या चौकटीवर लोकांनी इतर कशाहीपेक्षा जास्त टिचक्या मारल्या. आज प्रत्येक सोशल नेटवर्कवर ही सूचना असते. अ ला ब ओळखतो आणि ब ला क, तर अ आणि क यांची गाठ पडलेली असण्याचा संभव मोठा, एवढेच तिचे मूळ गणित. एकाच शाळेत, एकाच कंपनीत एकाच काळात असलात तर संभव आणखी वाढतो.

या गणितामागचे समाजशास्त्र जुने आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एका गाजलेल्या निबंधात दाखवून दिले की नोकरीची बातमी जिवलग मित्रापेक्षा अर्धवट ओळखीच्या माणसाकडून मिळण्याचा संभव अधिक असतो. कारण सरळ आहे. जिवलगांना तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक. कधीमधी भेटणारा माणूस दुसऱ्याच वर्तुळात वावरत असतो. पन्नास वर्षे हे मत सर्वत्र शिकवले गेले, पण मोठ्या प्रमाणावर तपासायला साधन नव्हते. ते लिंक्डइनच्या रूपाने मिळाले. २०१५ ते २०१९ या काळात सूचनांच्या गणितात फेरफार करून दोन कोटी सभासदांच्या ओळखी आणि नोकऱ्या पाहण्यात आल्या. निष्कर्ष २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. ग्रॅनोव्हेटर मोठ्या प्रमाणात बरोबर ठरले. मात्र फार दूरची ओळखही कामाची नाही. मध्यम सैल ओळख सर्वांत फळते. आणि आणखी एक मेख निघाली. जिथे काम संगणकावर चालते त्या क्षेत्रांत सैल ओळखीचा फायदा दिसला, बाकीच्या क्षेत्रांत घट्ट ओळखीच उपयोगी पडल्या. सभासदांना न सांगता त्यांच्या नोकरीच्या संधींवर असा प्रयोग करावा का, यावर अमेरिकेत टीका झाली, ती योग्यच होती. पण निष्कर्ष बाजूला टाकण्यासारखा नाही. पुण्याच्या हिंजवडीतला प्रोग्रामर आणि कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतला फाउंड्रीवाला यांना लिंक्डइन सारखी उपयोगी का पडत नाही, याचे उत्तर त्यात आहे.

कारभाराची सूत्रे मध्यंतरी दोन-तीनदा हलली. २००७ मध्ये डॅन नाय मुख्याधिकारी झाले, २००८ च्या अखेरीस हॉफमन परत आले, त्याच वेळी पूर्वी याहूमध्ये असलेले जेफ वीनर आले आणि २००९ च्या मध्यास त्यांनी सूत्रे हाती घेतली. वीनर अकरा वर्षे राहिले. हॉफमन कल्पनेचा माणूस, वीनर घडी बसवणारा. कंपनी मोठी झाली ती वीनर यांच्या काळात, आणि तिचा स्वभाव बदलला तोही त्याच काळात.

भारतातले कार्यालय २००९ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाले. तेव्हा भारतातले सभासद ३४ लाखांच्या आसपास होते, आणि ते सगळे कसलीही जाहिरात नसताना आलेले. बरेचसे आयटीतले, अमेरिकेतल्या क्लायंटने 'लिंक्डइनवर आहात का?' विचारले म्हणून खाते उघडलेले. नोकरी शोधायची तर आपल्याकडे नोकरी डॉट कॉम होतीच, १९९७ पासून. तिच्या जाहिरातीतला हरी साडू हा खडूस साहेब घराघरांत पोचला होता. नोकरी डॉट कॉमवर जायचे ते नोकरी सोडायची असेल तेव्हा; लिंक्डइनवर नोकरीत असतानाच जाऊन बसायचे. भारतातल्या मध्यमवर्गाला हा फरक पटकन उमगला.

उद्योजकांचे चित्र निराळे होते. पुण्यात १९३४ पासून मराठा चेंबर आहे. रोटरी आहे. माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी उभा केलेला सॅटर्डे क्लब आहे. तिथे माणसे ठरावीक वारी समोरासमोर बसतात, आपला धंदा थोडक्यात सांगतात, एकमेकांना कामे देतात. या बैठकांत घट्ट ओळख तयार होते. लिंक्डइनने त्यांची जागा घेतली नाही आणि घेणारही नाही. २०१६ मध्ये कंपनीने भारतासाठी काही खास गोष्टी आणल्या: कमी इंटरनेटवर चालणारी लिंक्डइन लाइट, कॉलेजमधल्या मुलांसाठी प्लेसमेंट, छोट्या कंपन्यांसाठी स्टार्टर पॅक. पण तोवर आपला कारखानदार व्हॉट्सॲपवर स्थिरावला होता. मालाचा फोटो, भाव, ऑर्डर, पावती, सगळे तिथेच. तो आजही तिथेच आहे.

१९ मे २०११ रोजी कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली. ४५ डॉलरना दिलेला शेअर संध्याकाळी ९४ डॉलर २५ सेंटवर बंद झाला. त्या आधीच्या वर्षाचे आकडे बघण्यासारखे आहेत. २०१० चे उत्पन्न होते २४ कोटी ३० लाख डॉलर. त्यातले १० कोटींहून थोडे अधिक भरती करणाऱ्या कंपन्यांकडून आले, ८ कोटींच्या आसपास जाहिरातींतून, ६ कोटींच्या आसपास सशुल्क सभासदांकडून. २०१५ पर्यंत उत्पन्न ३ अब्जांच्या जवळ गेले आणि त्यात भरतीच्या बाजूचा वाटा साठ टक्क्यांवर पोचला. म्हणजे आपण ज्याला सोशल नेटवर्क म्हणतो ती संस्था धंदा म्हणून बघितली तर रिक्रूटरना शोधयंत्र भाड्याने देणारी पेढी आहे. बाकी सभासद हा त्या शोधयंत्राचा माल. आपण फुकट वापरतो म्हणून कुरकुर करायला जागा नाही, पण काउंटरच्या कोणत्या बाजूला आपण उभे आहोत हे माहीत असलेले बरे.

सुरक्षेच्या बाबतीत संस्थेची कामगिरी लाजिरवाणी म्हणावी अशी होती. जून २०१२ मध्ये ६५ लाख पासवर्डांचे सांकेतिक रूप इंटरनेटवर फुटले. ते साठवताना घ्यायची एक प्राथमिक काळजी घेतलेली नव्हती, त्यामुळे ते भराभर उलगडले गेले. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, उघड झाले की चोरी ११ कोटी ७० लाख पासवर्डांची होती.

पानाचा चेहरामोहरा बदलायला २०१२ पासून सुरुवात झाली. त्या वर्षी रिचर्ड ब्रॅन्सन यांच्यासारख्या निवडक मंडळींना लेख लिहायला बोलावले, २०१४ मध्ये ती मुभा हळूहळू सगळ्यांना मिळाली. २०१३ मध्ये पैसे देऊन पोस्ट इतरांच्या फीडमध्ये घुसवण्याची सोय आली. त्याआधी लोक क्वचित, नोकरी बदलताना, लिंक्डइनवर येत. जाहिरात विकायची तर माणूस रोज यायला हवा, आणि रोज यायला काहीतरी वाचायला हवे. संस्थेचा मोर्चा ओळख करून देण्याकडून गर्दी जमवण्याकडे वळला तो इथे.

ऑनलाइन मार्केटिंग करणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ही सोय अफाट आहे, हे मान्य करायला हवे. फेसबुकला तुमची आवडनिवड ठाऊक असते. लिंक्डइनला तुमचा हुद्दा, कंपनी, कंपनीतल्या माणसांची संख्या, गाव आणि नोकरीची वर्षे ठाऊक असतात, कारण ती तुम्ही स्वतःच्या हाताने, खरी लिहिलेली असतात. चाकणमधल्या वाहन कंपन्यांच्या खरेदी विभागातल्या वरिष्ठ लोकांनाच माझी जाहिरात दाखवा, असे सांगता येते. अशा एका टिचकीचा दर इतर ठिकाणांपेक्षा बराच जास्त पडतो. यंत्रे, सॉफ्टवेअर, सल्लासेवा असा लाखांतला सौदा असेल तर तो परवडतो. लोणची-पापड विकणाऱ्याने तिथे एक रुपया घालू नये. आणि ज्यांच्या खिशात जाहिरातीचा पैसा नाही त्यांच्यासाठी अनुभवाने सिद्ध झालेली एक गोष्ट: कंपनीच्या पानापेक्षा मालकाने स्वतःच्या नावाने लिहिलेले लोक जास्त वाचतात. 'आमच्याकडे उत्कृष्ट दर्जाची सेवा मिळेल' हे कुणी वाचत नाही. एखादा भाग वारंवार का तुटत होता आणि आम्ही तो कसा दुरुस्त केला, हे फोटोसकट लिहिले तर त्या धंद्यातली माणसे थांबतात, प्रश्न विचारतात आणि त्यातला एखादा पुढे चौकशीही करतो.

पण हे विरळाच. फीडमध्ये बहुतांश पीक निघाले ते आत्मस्तुतीचे. एकेका वाक्याचा परिच्छेद, मध्ये रिकामी ओळ, बढती मिळाल्याची 'नम्र' घोषणा, टॅक्सीवाल्याने दिलेला व्यवस्थापनाचा धडा, शेवटी 'तुम्हाला काय वाटते?'. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या मार्केटिंग कंपनीच्या प्रमुखाने माणसे कमी केल्यावर स्वतःचा रडतानाचा सेल्फी टाकला आणि जगभर त्याची टिंगल झाली. त्या गृहस्थाची कीव करावी की राग करावा हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण लाइकच्या हिशेबावर चालणारे व्यासपीठ माणसाला काय करायला लावते, ते त्या फोटोत स्वच्छ दिसते.

वीनर यांच्या काळातला सर्वांत वाईट दिवस ५ फेब्रुवारी २०१६. त्या वर्षाचा अंदाज कमी सांगितला म्हणून शेअर एका दिवसात ४३ टक्क्यांहून अधिक आपटला. जवळजवळ ११ अब्ज डॉलर हवेत विरले. वीनर यांनी त्या वर्षी स्वतःला मिळायचे सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरचे शेअर कर्मचाऱ्यांना देऊन टाकले. चारच महिन्यांनी, १३ जूनला, मायक्रोसॉफ्टने २६.२ अब्ज डॉलरना कंपनी घेत असल्याचे जाहीर केले. सेल्सफोर्सही बोली लावत होती. डिसेंबरमध्ये व्यवहार पुरा झाला. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी तोवर केलेली ही सर्वांत मोठी खरेदी. मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेल्या कंपन्यांचा पूर्वेतिहास फारसा चांगला नव्हता, नोकियाच्या फोन धंद्याची आठवण ताजी होती. लिंक्डइनला मात्र त्यांनी बऱ्यापैकी तिच्या वाटेने चालू दिले. २०२५ च्या जूनमध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात तिचे उत्पन्न १७ अब्ज डॉलरच्या पुढे होते.

चीनमधला प्रयोग फसला. २०१४ मध्ये तिथे गेलेल्या लिंक्डइनने सरकारच्या अटी मान्य केल्या, काही पत्रकार आणि अभ्यासकांची पाने चीनमध्ये दिसेनाशी केली, त्यावरून टीका झाली आणि २०२१ मध्ये नेहमीची वेबसाइट तिथे बंद करायची वेळ आली. मागे ठेवलेले नोकरीपुरते ॲपही २०२३ मध्ये गुंडाळले. रशियाने तर २०१६ मध्येच तिला बंदी केली होती. त्यामुळे भारताचे वजन वाढले. २०२३ मध्ये भारतातले सभासद दहा कोटींवर गेले; अमेरिकेखालोखाल आपण. आपल्या सरकारनेही मग लक्ष घातले: खऱ्या मालकाची माहिती कंपनी कायद्याप्रमाणे दिली नाही म्हणून मे २०२४ मध्ये लिंक्डइन इंडिया, नाडेला आणि मुख्याधिकारी रायन रोसलान्स्की यांच्यासह इतरांना मिळून सुमारे २७ लाख रुपयांचा दंड झाला. नाडेला यांच्या वाट्याला दोन लाख आले.

रोसलान्स्की यांनी जून २०२० मध्ये सूत्रे घेतली. काळ कोविडचा. पहिल्याच दोन महिन्यांत त्यांना स्वतःच्या ९६० माणसांना घरी पाठवावे लागले. त्याच उन्हाळ्यात फोटोभोवतीची ती हिरवी चौकट आली, 'मी कामाच्या शोधात आहे' असे सांगणारी. ती लावावी की नाही यावर आजही एचआरवाल्यांत दोन तट आहेत. माझे मत विचाराल तर लावावी. बेकार असणे लपवण्यात फायदा होता तो ओळख कमी असणाऱ्या जगात. इथे सैल ओळखीच्या माणसाला तुमची गरज कळली तरच तो बातमी सांगणार.

अलीकडची दोन प्रकरणे मात्र सभासदांनी लक्षात ठेवावीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयर्लंडच्या विदा संरक्षण आयोगाने, जाहिराती नेमक्या माणसाला दाखवण्यासाठी माहिती वापरताना युरोपचा कायदा पाळला नाही म्हणून कंपनीला ३१ कोटी युरोचा दंड केला. त्याच्या महिनाभर आधी लक्षात आले होते की सभासदांच्या पोस्ट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याची परवानगी सेटिंगमध्ये आपोआप 'चालू' ठेवलेली आहे. ती बंद करता येते. खोट्या प्रोफाइल आणि खोट्या नोकऱ्यांचा सुळसुळाट हे तिसरे दुखणे. त्यावर उपाय म्हणून २०२३ पासून ओळख पडताळणी सुरू झाली. भारतात ती डिजिलॉकरमधल्या आधारवरून होते. नोकरी देतो म्हणून आधी पैसे मागणारा माणूस पडताळणीची खूण लावून आला तरी ठगच समजावा.

हिंदी डिसेंबर २०२१ मध्ये आली. २०२४ मध्ये बंगाली, तेलुगू, पंजाबी यांच्याबरोबर मराठीही. म्हणजे बटणे आणि सूचना मराठीत. त्यावर मराठीत लिहिणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. लिंक्डइनवर इंग्रजीतच लिहायचे असते अशी समजूत मनात घट्ट बसली आहे, आणि तोडके इंग्रजी लिहून हसे होण्यापेक्षा गप्प बसलेले बरे, असे म्हणत चांगले कारागीर आणि कारखानदार बाजूला राहतात.

त्यांना एवढेच सांगायचे आहे. प्रोफाइलमध्ये हुद्दा, कौशल्ये, यंत्रांची नावे इंग्रजीत ठेवा, कारण शोधणारा ती इंग्रजीतच टाइप करतो. बाकीचे मराठीत लिहा. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये, इचलकरंजीच्या मागावर, सांगलीच्या बेदाणा शेडमध्ये आज काय अडले आणि कसे सुटले, ते लिहा. हजार अनोळखी लोकांना रिक्वेस्ट धाडण्यापेक्षा जुन्या कंपनीतल्या, कॉलेजातल्या, कधीकाळी प्रदर्शनात भेटलेल्या माणसांना दोन ओळी लिहून जोडून घ्या. थेट मेसेज करण्याऐवजी मधल्या माणसाला ओळख करून द्यायला सांगा. २००३ सालची ती जुनी रीत वेबसाइटने सोडली असली तरी आपल्याला पाळायला कुणी मनाई केलेली नाही.